सुरीवरचा हात

मी सफाई दरोगा होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही. आणि स्वतःला पडद्याआड ठेवून दुसऱ्याची गोष्ट सांगणाऱ्यांचा मला राग येतो. भांदकपासून तीन कोसांवरच्या एका गावात माझी नेमणूक होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. गटारं बघणं, विहिरीत औषध टाकणं आणि आठवड्यातून दोनदा कत्तलखान्यात जाऊन मटणावर शिक्का मारणं ही माझी कामं. बकरा कापायच्या आधी जिवंत बघायचा, रोगी नाही याची खात्री करायची, आणि सोलून झाला की मांडीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का उमटवायचा. शिक्क्याशिवाय मटण विकायचं नाही असा नियम होता. मी नियमाचा पक्का माणूस होतो. निदान स्वतःला तसं समजत होतो.

कत्तलखाना हे नाव तेवढं मोठं. गावाबाहेर नाल्याच्या अलीकडे चार सागवानी खांब, वर टिनाचं छप्पर, तीन बाजूंना बांबूचे तट्टे आणि चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा. आत दगडी फरशी आणि आडव्या लाकडाला लोखंडी आकडे. परवाना नूर मोहम्मदच्या नावाचा होता, त्याच्या आधी त्याच्या बापाच्या नावाचा. नूर मोहम्मद बुटका, मेंदी लावलेल्या दाढीचा, बोलायला गोड माणूस. हिंदू असो की मुसलमान, बकरा कापायचा तर गावाला हात त्याचाच लागे. कुणब्याच्या घरचा नवस असला तरी निरोप त्यालाच जाई. जीव घ्यायचा तर आधी वरच्याचं नाव घेणारा माणूस पाहिजे, एवढी समज सगळ्या गावाची एक होती.

सुरुवातीला आठवड्याला तीन बकरे खूप झाले. तेवढ्याला माणसं पुरेशी होती. सुरी नूर मोहम्मदची. बकरा धरायला त्याचा धाकटा भाऊ बाबूभाई. सोलायला जिवतीकडच्या डोंगरातला बुधू नावाचा गोंड. असा सोलणारा मी पुन्हा पाहिला नाही, चार ठिकाणी पातं लावायचा आणि बाकीचं कातडं नुसत्या मुठीनं सुटं करायचा. पोटं धुवायला, वजडी खरवडायला आणि मुंड्या भाजायला धुरपता. ती नाल्यापलीकडं राहायची, जिभेची तिखट आणि कामाला वाघीण. नूर मोहम्मदची बायको खैरुन तेव्हा कत्तलखान्यात यायचीही नाही. ती दुकानात मागच्या बाजूला बसून बायका-गिऱ्हाइकांशी बोलायची.

मग जवळच कोळशाची खाण सुरू झाली. बिलासपुरी आले, तेलंगी आले, आसपासच्या खेड्यांतली माणसं आली. शनिवारी हप्ता मिळायचा आणि रविवारी प्रत्येकाला मटण पाहिजे असायचं. तिनाचे पंधरा बकरे झाले. कोणालाही वाटेल की नूर मोहम्मदचं नशीब फळफळलं. मलाही वाटलं आणि मी त्याला तसं म्हणालोसुद्धा. तो हसला आणि म्हणाला की जी खाण गिऱ्हाईक देऊन राह्यली तीच माझी माणसं खाऊन राह्यली.

पहिला बुधू गेला. एका सोमवारी आलाच नाही. पुढच्या रविवारी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा दिसला, डोक्यावर खाणीची टोपी. त्याच्या जागी चांद्याहून एक आणला, तो महिनाभर टिकला. वरोऱ्याहून एक आला, तो आठ दिवस. त्याच्या बहिणीची सोयरीक मोडली होती, मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की भाऊ कसाबाच्या हाताखाली आहे. खाणीत काळं होऊन वर येणाऱ्याला कोणी नाव ठेवत नव्हतं. रक्तानं भिजलेला माणूस आंघोळ करून अत्तर लावून बसला तरी त्याला जो तो नाक दाबून सांगायचा की बाबा, तू तिकडं बस. सणाला मटण सगळ्यांना पाहिजे, मटण करणारा मात्र दारात नको. ही आपली रीत आणि ती मला आजही कळलेली नाही.

शेवटी बाबूभाई गेला. त्याचं लग्न वणीच्या मुलीशी ठरत होतं आणि मुलीच्या बापानं अट घातली होती की पोरगी खाणीला देऊ, सुरीला देणार नाही. नूर मोहम्मदनं भावाला निम्मं दुकान देऊ केलं. त्या वेळी मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. 

"भाईजान, हिस्सा नाई पाहिजे मले," बाबूभाई म्हणाला. "नाव पाहिजे. खाणीत गेलो की माह्या पोराले कोणी कसायाचं पोट्टं नाई म्हणणार."

 भावाच्या लग्नाचं मटण नूर मोहम्मदनं एकट्यानं कापलं.

आता खैरुनबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट तिची आहे. ती सिरोंच्याची. बाप गोदावरीच्या काठावर मासळीची जाळी विणायचा आणि लहानपणापासून ही त्याच्यासोबत जाळी ओढायची. उंच, हाडापेरानं मजबूत, मनगटं पुरुषासारखी. दोन मुली झाल्या, दोघी लग्न करून लांब गेल्या. खैरुन आमच्याशी आमच्यासारखं बोलायची पण जनावरांशी तेलुगूत. बाबूभाई गेल्यावर बकरे धरायला तीच यायला लागली. मी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग बघितलं तर ती दाव्याला हात न लावता "रा, रा" म्हणून बोलवायची आणि बकरा मान खाली घालून तिच्यामागं यायचा. बाबूभाईच्या हातात जनावर धडपडायचं, हिच्या हातात पडून राहायचं. तिला त्यांची दया यायची का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, दया येते म्हणूनच घट्ट धरते, ढिलं धरलं की त्याला जास्त लागतं.

चोपन्नच्या पावसाळ्यात तो अपघात झाला. त्या दिवशी खैरुन तापानं पडली होती आणि धरणारं दुसरं कोणी नव्हतं. गुडघ्याखाली बकरा दाबून नूर मोहम्मद एकटाच कापायला गेला. बकऱ्यानं झटका दिला आणि सुरी त्याच्याच उजव्या मनगटात शिरली. चांद्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. जखम भरली, पण शीर तुटली ती तुटलीच. बोटं वळेनात. भाकरीचा तुकडा मोडायचा तर त्याला डाव्या हाताचा आधार लागे.

एवढं होऊनही रविवार काही थांबत नव्हता. सुरी धरायला माणूस शोधायला तो वरोऱ्याला गेला, वणीला गेला, हिंगणघाटपर्यंत जाऊन आला. सगळीकडं एकच उत्तर. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत, कोणी खाणीत. जे उरले होते त्यांना त्यांचंच गाव पुरत नव्हतं. रिकाम्या हातानं परत आला त्या आठवड्यात मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं. नूर मोहम्मदच्या लुळ्या हातात सुरी आणि त्या हातावर खैरुनचा हात. दोघंही एका वेळी अल्लाचं नाव घेत होते. एका सुरीवर दोन हात असले तर दोघांनीही नाव घ्यायचं, असं त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. दाब तिचा होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

महिन्याभरात त्याचा हात सुरीवर ठेवण्यापुरताही राहिला नाही, मध्येच निसटायचा आणि जनावराला त्रास व्हायचा. तेव्हा त्यांनी तिसरी रीत काढली. नूर मोहम्मद पडद्याच्या आत एका पिंपावर बसायचा आणि खणखणीत आवाजात तकबीर म्हणायचा, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना तो आवाज ऐकू जायचा आणि त्यांचं समाधान व्हायचं. आत खैरुन ओठांतल्या ओठांत तेच नाव घ्यायची आणि सुरी चालवायची. एका फटक्यात, बकऱ्याला कळायच्या आत. नवऱ्यापेक्षा तिचा हात हलका होता, हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा अभिमानाचा होता की शरमेचा ते मला ओळखता आलं नाही.

मी त्याला विचारलं होतं की बाईनं कापलेलं तुमच्यात चालतं का. त्याला माहीत नव्हतं. चांद्याला मौलाना होते, त्यांना एक पत्र टाकलं असतं तर समजलं असतं.

"विचारलं अन् नाई म्हणाले तं, दरोगासाहेब?" तो म्हणाला. "मंग मले माहीत होऊन जाईन ना. आता माहीत नाई म्हणून तं चालू हाय."

मला हे पटलं, कारण माझंही तसंच चाललं होतं. परवाना नूर मोहम्मदच्या नावाचा, सुरी दुसऱ्याच्या हातात, आणि शिक्का माझा. वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण बोललो असतो तर गावाचा रविवार गेला असता आणि माझाही. दर रविवारी दुपारी धुरपता माझ्या घरी झाकलेला डबा आणून द्यायची, त्यात कलेजी असायची. आठ महिने मी ती बिनबोभाट खाल्ली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून आम्ही चौघं गप्प राहिलो.

पंचावन्नची होळी आली. आमच्याकडं धुळवडीच्या दिवशी ज्याच्या घरी मटण शिजत नाही त्याचा सण झालाच नाही असं समजतात, आणि त्यात खाणीला सुट्टी. बारा बकरे बांधले होते. पडद्याबाहेर उजाडतानाच साठ-सत्तर माणसं रंगलेल्या कपड्यांत उभी. गावातले मुसलमानही होते, खाणीचे मजूर होते, कुणबी, तेली, सगळे. पहिल्या नंबरावर बाबूभाई, सासरची माणसं घरी आली होती म्हणून लवकर आलेला.

नूर मोहम्मदला चार दिवसांपासून छातीत कफ होता. सकाळी उठला तर आवाज पार बसलेला. मी गेलो तेव्हा तो पिंपावर बसून गरम पाणी पीत होता आणि खैरुन सुरीला धार लावत होती. मी म्हणालो, आज बंद ठेवा. ती म्हणाली की बारा बकऱ्यांची उचल दिली हाय आणि बाहेर अर्धं गाव उभं हाय, बंद काय सांगून ठेवायचं? तिचंही खरं होतं. नूर मोहम्मदनं मला हातानं खूण केली की निघेल आवाज.

पहिला बकरा आणला. त्याचं तोंड पश्चिमेला केलं. नूर मोहम्मदनं तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. खैरुननं क्षणभर वाट पाहिली, मग नेहमीसारखं ओठांत नाव घेऊन सुरी चालवली. बाहेर कुजबुज झाली. बाबूभाई इतकी वर्षं आत उभा राहिलेला माणूस. कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज येतो हे त्याच्या कानाला पाठ होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं हे मी शपथेवर सांगेन.

"भाईजान," त्यानं बाहेरून विचारलं, "तकबीर ऐकू नाई आली."

नूर मोहम्मदनं पुन्हा तोंड उघडलं. घशातून घरघर झाली. तोवर दुसरा बकरा खैरुनच्या गुडघ्याखाली होता. बाहेर कोणीतरी म्हणालं की नाव न घेता कापलेलं हराम आहे, आपण नाही नेणार. ते तिनं ऐकलं. आणि मग तिनं जे केलं ते दुसऱ्या कोणा बाईनं केलं नसतं. ती गप्प राहिली असती तर नवरा आजारी आहे, हळू म्हणाला, असं सांगून निभावलं असतं. पण लोकांच्या मनात मटणाबद्दल किंतू राहायला नको, त्यांच्या तोंडी हराम जायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं मान वर केली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हटलं, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक मारायची सवय असलेला तो आवाज होता. सगळ्या रांगेनं ऐकला.

 मग पडदा बाजूला सरला. लोकांना दिसलं ते एवढंच: पिंपावर लुळा हात मांडीवर घेऊन बसलेला नूर मोहम्मद, फरशीवर सुरी घेतलेली खैरुन, आणि शिक्का घेऊन कोपऱ्यात उभा मी.

आरडाओरडा काही झाला नाही. झाला असता तर बरं होतं, मलाही राग काढता आला असता. मशिदीची व्यवस्था बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी विचारलं की हे कधीपासून चाललं आहे.  एक कुणबी मागं वळून आपल्या सोबत्याला म्हणाला की सणाच्या दिवशी बाईच्या हातचा वध, अवदसा आहे ही. धर्म दोघांचे वेगळे होते, पण या बाबतीत दोघांची तोंडं सारखीच वाकडी झाली.

"नाव घेतलं मी," खैरुन म्हणाली. "तुम्ही सगळ्याइनं ऐकलं. मंग कमी काय हाय त्याच्यात?"

 सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण सरकारी माणूस तेवढा मीच. म्हाताऱ्यांनी मला सरळ विचारलं, "दरोगासाहेब, तुमी दर खेपेले इथी उभे असता. तुमी सांगा, हे ठीक हाय का?"

मला बोलता आलं असतं. आठ महिन्यांत एकही जनावर वाईट कापलं गेलं नाही, दर वेळी तिनं नाव घेतलं हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, मी स्वतः हे मटण खातो, असं तीन वाक्यांत सांगता आलं असतं. मला परवाना आठवला, नोकरी आठवली. मी म्हणालो, "मी जनावर बघतो. हात बघणं माझ्या कामात येत नाही."

खैरुननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बाजारात एखाद्याला ओळखीचं समजून हाक मारावी आणि तो दुसराच कोणी निघावा, तसं पाहिलं.

लोक पांगले. उरलेले दहा बकरे ज्याच्याकडून आणले होते तो धनगर परत घेऊन गेला. कापलेले दोन आकड्याला लटकत राहिले आणि दुपारी टिन तापल्यावर त्यांवर माशा बसल्या. दिवस मावळेपर्यंत न विकलेलं मटण फिनाइल टाकून पुरायचं असा नियम होता, आणि तो मी पाळायला लावला. खड्डा खणायला माणूस मिळाला नाही. खैरुन आणि धुरपता दोघींनी खणला, मी उभा राहिलो. माती लोटताना धुरपता कुदळीवर टेकून म्हणाली, "डबा तं मीच आणून देत होती ना जी, साहेब. हात तुमाले तवाबी नाई दिसला का?"

मी फिनाइलची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि घरी आलो.

दुकान बंद पडलं. लोकांनी बाबूभाईला गळ घातली की घराण्याचा हात आहे, तू कर. त्यानं एका रविवारी केलं. तीन वर्षं सब्बल आणि फावडं धरलेला हात तो. सुरी अर्ध्यात अडली आणि बकरा तसाच उठून पडदा फाडून नाल्याकडं पळाला. ते ज्यांनी पाहिलं त्यांना महिनाभर मटणाची वासना राहिली नाही. बाबूभाई नाल्याच्या काठावर बसून ओकला आणि पुन्हा त्यानं सुरीला हात लावला नाही. मग हप्त्याचा पैसा दारूच्या दुकानात जायला लागला आणि गाव म्हणायला लागलं की माणूस शोधा, माणूस शोधा. माणूस गावातच होता. चूल पेटावी म्हणून तो खाणीवर कोळसा भरायला लागला होता. वरच्या ढिगातून घमेली भरून गाड्यांत ओतणाऱ्या बायकांना तिथं रेजा म्हणतात. खैरुन रेजा झाली.

नूर मोहम्मदचा आवाज आठ दिवसांनी परत आला होता, असं शेजारी सांगत. पण त्यानं तो वापरला नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायचा. मी एकदा भेटायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडला होता, वळला नाही. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तो गेला. मरणाऱ्याच्या कानाशी कलमा म्हणायचा असतो. घरात पुरुषमाणूस नव्हतं, बाबूभाई खाणीत खाली होता. खैरुननं म्हटला, मोठ्यानं, तसाच स्वच्छ. अंगणात जमलेल्या पुरुषांनी ऐकला. त्या दिवशी बाईचा आवाज कोणाला खटकला नाही.

बकरीद श्रावणात आली. कुरबानी करायची आणि कापणारं कोणी नाही, तेव्हा मशिदीच्या त्या म्हाताऱ्यांना सुचलं की चांद्याच्या मौलानांना विचारावं. एक कार्ड टाकलं. आठव्या दिवशी उत्तर आलं. बाईला कापता येत असेल आणि तिनं अल्लाचं नाव घेतलं असेल तर ते हलाल आहे, यात शंका घेण्याचं कारण नाही. चार ओळी होत्या. म्हाताऱ्यांनी मला त्या वाचून दाखवल्या, दोनदा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. हाच प्रश्न वर्षभर आधी विचारला असता तर नूर मोहम्मदला पिंपावर बसून ओरडावं लागलं नसतं. त्याला उत्तर 'नाही' येईल अशी भीती होती. आणि उत्तर तर 'हो' होतं.

आम्ही तिघं खाणीवर गेलो. म्हातारे, बाबूभाई आणि मी. दुपारची सुट्टी होती. खैरुन ढिगाच्या सावलीत एकटी बसून भाकर खात होती. उजवा हात पदराखाली होता आणि ती डाव्या हातानं खात होती. हे मला तेव्हाच दिसलं. मुसलमान बाई डाव्या हातानं जेवत नाही हेही मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात मला बोलायची वाक्यं घोळत होती, त्यामुळं दिसलेलं कळलं नाही.

म्हाताऱ्यांनी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी तिची माफी मागितली, हे मला सांगायलाच पाहिजे. बाबूभाई खाली मान घालून उभा होता. मग मी बोललो. परवाना तिच्याच नावाचा करून देतो, वर मीच लिहितो, आता कोणी काही बोलणार नाही, सगळं गाव वाट बघतं आहे, असं बरंच बोललो. माझी चूक झाली एवढं मात्र मला म्हणता आलं नाही. ते मी आज म्हणतो आहे आणि ऐकायला ती नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला, पाणी प्याली.

"सुरी घरी हाय," ती म्हणाली. "छपरात खोचून ठेवली. घेऊन जा."

बाबूभाई पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "सुरी नेऊन काय करू, भाभी? हात तं तुहाच हाय."

तेव्हा तिनं उजवा हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला. लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेला होता. त्या चिंध्या तिनं दातांनी सोडवल्या. अंगठा होता आणि करंगळी होती. मधल्या तीन बोटांच्या जागी काळपट, सुजलेलं मांस होतं. कोळशाच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि हात मध्ये सापडला, आठ दिवस झाले, असं तिनं भाव सांगावा तसं सांगितलं. घरी बसलं तर खायला कोण देणार, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून डाव्या हातानं भरते, तेही सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाले दाखवणार नव्हती, साहेब. तुमी हात पाहत नाई ना."

भोंगा झाला. तिनं डाव्या हातानं घमेलं उचललं, उजव्या कोपरानं सावरून डोक्यावर घेतलं आणि ढिगाकडं गेली. अर्धा तास मी तिच्यापुढं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. सरकार मला पाहण्याचाच पगार देत होतं.